भंगाराला भाव, कामगाराला नाही

हल्ली व्यवस्थापनशास्त्राच्या बाजारात एक नवा शब्द खपू लागला आहे. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा तो शब्द. वस्तू वापरायची आणि फेकून द्यायची ही सरळ रेषेतली उधळपट्टी थांबवावी. दुरुस्ती, पुनर्वापर आणि पुनर्निर्मिती यांच्या चक्रात तिला शक्य तितकी वर्षे फिरती ठेवावी. म्हणजे खाणी कमी खणाव्या लागतील आणि उकिरडे कमी वाढतील, असा त्याचा मूळ अर्थ. तेवढ्यापुरते कोणाचेच भांडण नाही. परंतु आता हा शब्द मनुष्यबळ खात्याच्या अधिकाऱ्यांनी उचलला आहे. वस्तूप्रमाणे कामगाराचेही चक्र असावे, जुने कौशल्य झिजले की त्यावर नव्याचा मुलामा चढवावा, एका विभागात नकोसा झालेला माणूस दुसऱ्या विभागात ‘पुन्हा वापरात’ आणावा आणि तिथेही तो नको असला तर त्याला सन्मानाने बाजारात ‘परत सोडावे’, अशी प्रवचने अंधेरी-पवईच्या वातानुकूलित सभागृहांतून झडत असतात. ऐकणाऱ्याला वाटावे, मालकवर्गाला एकदाची उपरती झाली. ही उपरती कोणत्या जातीची आहे हे पाहणे अगत्याचे झाले आहे; कारण ‘पुनर्कौशल्य’ हा शब्द आता सभागृहापुरता उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो या देशाच्या अंमलातील कायद्यात शिरला आहे.

प्रथम या कल्पनेचे कूळ पाहू. कारण ज्यांनी ती उसनी घेतली त्यांनी मूळ मालकाचे नाव मोठ्या सोयीस्करपणे गाळले आहे. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली पृथ्वीला अवकाशयानाची उपमा देऊन, बंदिस्त जागेत उधळपट्टीचे अर्थकारण चालणार नाही असा इशारा दिला होता. पण कारखानदारीच्या अंगाने हा विचार नेटाने मांडला तो वॉल्टर श्टाहेल आणि जेनेव्हीएव्ह रेडे यांनी. १९७६ साली युरोपीय आयोगासाठी त्यांनी एक अहवाल सिद्ध केला. त्याचा विषयच मुळी ऊर्जेच्या जागी माणसाचे श्रम वापरता येतील काय, हा होता. तेलाच्या भाववाढीचे आणि वाढत्या बेकारीचे ते दिवस. त्यांचे म्हणणे साधे होते. नवी मोटार बनविण्यात पोलाद आणि ऊर्जा फार लागते, हात कमी लागतात. जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्यात ऊर्जा कमी लागते, हात अधिक लागतात, आणि तेही जाणकार हात. म्हणून दुरुस्तीचे अर्थकारण हे रोजगाराचेही अर्थकारण आहे. म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्थेच्या जन्मपत्रिकेत कुशल, टिकाऊ, अनुभवी कामगार हा लग्नस्थानी आहे. आजचे प्रवचनकार त्यालाच चक्रातील एक वापरलेली वस्तू समजून बोलत आहेत. वैद्यालाच औषधाच्या खलात घालण्याचा हा प्रकार झाला.

बरे, आपल्या उपनगरांत हे चक्र कोणी नव्याने शिकवावे अशी परिस्थितीही नाही. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत (ती १९७३ सालची) रत्ने व दागिने घडविणारे कारखाने गेली कित्येक वर्षे चालू आहेत. या धंद्यात सोन्याचा कणही वाया जाऊ देत नाहीत. जमिनीवरचा केर जपून ठेवतात, कारागिरांनी हात धुतलेले पाणी गाळतात, कामाच्या वेळी घातलेले कपडेही झटकून घेतात आणि त्या सगळ्यातून सोने परत काढतात. त्याच बाकावर वर्षानुवर्षे मान मोडून बारीक जडावाचे काम केलेल्या कारागिराची नजर मंदावली की ती परत मिळविण्याचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत मांडलेला नसतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊन पाहा. तांबे वेगळे, पितळ वेगळे, बिडाचे लोखंड वेगळे. प्रत्येकाला त्या दिवसाचा भाव आहे. निरुपयोगी असे तिथे काही नाही.

माझ्या सायंवर्गात शिकलेला एक विद्यार्थी भांडुपच्या एका कारखान्यात दातेरी चाके कापण्याच्या यंत्रावर होता. हत्यार बोथट झाले आहे हे त्याला आवाजावरून कळे. कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रे चार-सहा आठवड्यांत विकली गेली; त्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. त्याचे यंत्र घेणाऱ्याने त्यालाच रोजावर बोलावले. त्याने ते बसवून दिले, नव्या पोरांना चालवायला शिकवले, आणि बाराव्या दिवशी हिशेब घेऊन तो घरी परतला. यंत्र दुसऱ्या आयुष्याला लागले. त्या वेळी त्याचे वय त्रेचाळीस होते आणि पुढची सगळी वर्षे त्याने सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात गल्ल्यापाठीमागे काढली. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादुर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना अशी माणसे किती असतील याची गणती कोणी केली नाही. जमिनीची मात्र चौरस फुटापर्यंत झाली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने औद्योगिक जमिनी घरांसाठी व व्यापारासाठी वापरण्याची वाट मोकळी केली, आणि कारखान्याची जमीनदेखील चक्रात शिरली. यंत्र फिरले, जमीन फिरली, भांडवल तर फिरतेच असते. फिरले नाही ते फक्त माणसाच्या हातातले ज्ञान.

यात नवीन काही नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात उत्पादनातील टाकाऊ पदार्थांच्या पुनर्वापराची चर्चा केली आहे. त्याच प्रकरणात, कच्च्या मालाच्या बाबतीत इतका चिकट असलेला कारखानदार कामगाराच्या आयुष्याच्या बाबतीत किती सढळ असतो, हेही त्याने खाणींतल्या अपघातांचे दाखले देऊन मांडले आहे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, हा योगायोग नाही. कच्चा माल विकत घ्यावा लागतो, म्हणून वाया गेला तर मालकाचे नुकसान होते. कामगार भाड्याने मिळतो. तो झिजला तर नुकसान कामगाराचे, त्याच्या घराचे आणि समाजाचे. जिथे नुकसान दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येते तिथे काटकसर होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. (माणसाला ‘साधनसंपत्ती’ म्हणण्याची खोड आपल्या सरकारलाही होती. १९८५ साली दिल्लीत शिक्षण मंत्रालयाची पाटी काढून मनुष्यबळ विकासाची पाटी लावली गेली. २०२० साली पुन्हा शिक्षणाची आली. पाट्यांचे चक्र आपल्याकडे नेहमीच सुरळीत चालते.)

आता कायद्याकडे येऊ. औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार पुनर्कौशल्य निधी’ नावाची एक तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवस असे जे नुकसानभरपाईचे जुने सूत्र आहे ते वेगळे. हा निधी सरसकट, एकदाच, पंधरा दिवसांचा. दोन वर्षे काम केलेल्याला जेवढे, तेवढेच पंचवीस वर्षे काम केलेल्याला. महिना वीस हजार मिळवणाऱ्या कामगाराच्या हाती यातून दहा-बारा हजार रुपये पडतील. या पैशात त्याने कोणती विद्या शिकावी? संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा धड एखादा अभ्यासक्रम पुरा करायचा तर शुल्क आहे, आणि त्या महिन्यांत घरी चूल पेटायची आहे. शिकवणार कोण, कुठे, आणि शिकल्यावर काम देणार कोण, याविषयी त्या कलमात अक्षर नाही. खात्यावर पैसे टाकले की माणूस कुशल झाला, अशी ही समजूत आहे.

रक्कम तुटपुंजी आहे ही तक्रार मी दुय्यम मानतो. रक्कम वाढविता येते, अधिसूचनेने दिवस वाढविण्याची सोय त्याच कलमात आहे. खरी मेख अन्यत्र आहे. हा निधी केवळ कपातीलाच लागू आहे. कारखाना बंद झाला तर नाही. म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत भांडुप-मुलुंडच्या कामगाराच्या वाट्याला जे मुख्यतः आले, त्यालाच तो लागू नाही. दुसरे असे की, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला या संहितेने राजमान्यता दिली, आणि मुदत संपल्यामुळे नोकरी गेली तर तिला कपात म्हणायचे नाही अशी व्याख्याही करून ठेवली. एक वर्षाच्या सेवेवर उपदान देण्याची सोय अशा कामगाराला मिळाली आहे, हे मी नोंदवतो. पण पुनर्कौशल्याचा दरवाजा त्याला बंदच आहे. उद्याचे बहुसंख्य कामगार या मुदतबंद नेमणुकीचेच असतील. तेव्हा निधी कोणासाठी? ज्या कायम कामगाराची जात सरकार हळूहळू नाहीशी करीत आहे, त्याच्यासाठी. आणि त्याचीही कपात सोपी करून ठेवली आहे. कपातीला सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची अट १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना लावली गेली, पुढे १९८२च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली, आता ती पुन्हा ३०० वर नेली आहे. अंधेरीच्या मरोळमध्ये किंवा मुलुंडच्या गाळ्यांत तीनशे कामगार एका हजेरीपटावर असलेली आस्थापने किती उरली आहेत, ते तिथल्या कार्यकर्त्यांनीच सांगावे.

तिसरी मेख तर शब्दाची आहे, आणि ती माझ्या मते सर्वांत बोलकी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या करताना ‘शिकाऊ उमेदवार धरून’ असे म्हटले होते. नव्या संहितेत तिथे ‘शिकाऊ उमेदवार वगळून’ असे झाले आहे. एका शब्दाच्या बदलाने यंत्रापाशी उभा असलेला तरुण कामगार राहिला नाही. याची पूर्वतयारी १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात होतीच. उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही, असे त्याचे अठरावे कलम सांगते. तो कायदा झाला तेव्हा त्यामागे एक हेतू होता. शिकविण्याचा भार उद्योगाने उचलावा आणि त्यातून कुशल कामगारांची पिढी उभी राहावी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात, बाकी सर्व सारखे असेल तर बाहेरच्यापेक्षा शिकून तयार झालेल्या उमेदवाराला भरतीत पसंती द्यावी, असे सांगितले, ते याच हेतूला धरून. आता काय चालले आहे? २०१९च्या नियमांप्रमाणे एकूण कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत उमेदवार ठेवता येतात, आणि २०१६च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणे विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दीड हजार रुपयांच्या मर्यादेत, सरकार सोसते. एक तुकडी शिकून बाहेर पडली की दुसरी आत येते. शिकलेल्याला ठेवून घेण्याची गरजच काय? मालकाच्या दृष्टीने हे चक्र उत्तम फिरते आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, सहा महिने. पुढे ओरड झाली तेव्हा मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. पैसे सरकारचे, राबणे आस्थापनेत. अनेक तरुण सरकारी कार्यालयांतच नेमले गेले आणि तिथे नेहमीच्या कारकुनाचे काम करू लागले. मुदत संपल्यावर ते रस्त्यावर आले आणि कायम करण्याची मागणी करू लागले. यात त्यांचे काय चुकले? काम होते म्हणून तर त्यांना बसवले होते. खुर्ची तिथेच आहे, माणूस तेवढा बदलता ठेवायचा, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

कामगाराला निराळ्या नावाने हाक मारून कामगारपणातून बाद करण्याची ही युक्ती जुनीच आहे. मुंबई महापालिकेने शहराचा कचरा उचलणाऱ्यांना कधी कंत्राटी म्हटले, कधी ‘स्वयंसेवक’ म्हणून मानधनावर राबवले; कंत्राटी कामगार कायद्याची वीस माणसांची मर्यादा चुकविण्यासाठी कामाचे लहान लहान तुकडे पाडून ते अनेक कंत्राटदारांत वाटले. चक्रीय अर्थव्यवस्थेचा पहिला आणि खरा कामगार हाच. त्याच्यावाचून पुनर्वापराला ओला आणि सुका कचराही वेगळा मिळत नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे हे प्रकरण लढवले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल पदरात पाडून घेतला. त्या निकालाची तारीख उजाडेपर्यंत किती जण हयात राहिले नाहीत, हा प्रश्न संघाच्याच कार्यकर्त्यांना विचारावा.

परंतु या साऱ्या विषयाचा सर्वांत स्वच्छ, आणि सर्वांत भयंकर, नमुना पाहायचा तर तो आपल्या दाराशीच आहे. बेस्ट. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या पुस्तकांत एक तत्त्व मोठ्या कौतुकाने सांगतात. वस्तू विकू नका, तिचा उपयोग विका. बस विकत घेण्याऐवजी किलोमीटर विकत घ्या. म्हणजे बसची मालकी बनवणाऱ्याकडे किंवा चालवणाऱ्या कंपनीकडे राहील, आणि मालकी असल्यामुळे ती टिकावी, दुरुस्त राहावी यात तिचाच स्वार्थ असेल. तत्त्व म्हणून यात तथ्य आहे. बेस्टमध्ये हे तत्त्व ‘वेट लीज’ या नावाने आले. गाडी कंत्राटदाराची, देखभाल कंत्राटदाराची, चालकही कंत्राटदाराचा. बेस्टने दर किलोमीटरला पैसे मोजायचे. २०१९च्या जूनमध्ये कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्यात स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखण्याचे मान्य झाले होते. आज बेस्टच्या मालकीच्या गाड्या त्या आकड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहेत.

आता तत्त्वाचा धागा पुढे ओढून पाहा. गाडी भाड्याने आली तेव्हा तिच्याबरोबर चालकही भाड्याने आला. गाडी कंत्राटदाराच्या मालकीची आहे, म्हणून ती सांभाळण्यात त्याचा स्वार्थ आहे. चालक कोणाच्याच मालकीचा नाही, आणि तो नसावा हेच योग्य. पण मग त्याला शिकवण्यात, त्याचा अनुभव जपण्यात, तो थकणार नाही हे पाहण्यात कोणाचा स्वार्थ आहे? कंत्राटदार म्हणतो, माझे कंत्राट काही वर्षांचे. शिकवलेला चालक उद्या दुसऱ्याकडे जाईल. बेस्ट म्हणते, तो आमचा नोकर नाही. किलोमीटरच्या दरात डिझेल किंवा वीज मोजली जाते, टायर मोजला जातो, कर्जाचे व्याज मोजले जाते. शिकण्याचे दिवस हे निव्वळ खर्चाचे दिवस ठरतात, कारण त्या दिवसांत गाडी किलोमीटर कापत नाही. स्वस्तातल्या स्वस्त निविदेला काम मिळत असेल तर पहिली कात्री कुठे लागणार हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या उपक्रमाचे दिंडोशीला स्वतःचे प्रशिक्षण केंद्र आहे, ज्याच्या आगारांत जुना चालक नव्याला मार्गाची खोड, गर्दीचा स्वभाव आणि गाडीची नस शिकवीत आला, त्याच उपक्रमात ही पिढीजात शाळा मोडत चालली आहे.

९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली ३३२ क्रमांकाची वेट लीजवरील विजेची बस बर्वे मार्गावरील गर्दीत घुसली. पायी चालणारी माणसे मेली, अनेक जायबंदी झाली. दोष कोणाचा किती, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी मी काही बोलणार नाही. पण त्या रात्रीनंतर, चालकाला अशा मोठ्या विजेच्या गाडीवर किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न सगळ्या शहराच्या तोंडी झाला, आणि ‘किती दिवस’ असाच तो विचारला गेला, ‘किती महिने’ असा नव्हे, यातच सर्व आले. गाडी नवी, इंजिनाचा आवाज नाही, गिअर नाही, पायाखालची कळ वेगळी. श्टाहेलच्या भाषेत बोलायचे तर इथे तंत्र बदलले, ऊर्जा बदलली, आणि जाणकार हात तयार करायचेच राहिले. त्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, घाटकोपर आणि मुलुंड आगारांतून कंत्राटी चालकांचा संप सुरू होऊन शहरभर पसरला होता. समान कामाला समान दाम ही त्यांची मागणी होती. त्या वेळी प्रवाशांच्या गैरसोयीवर अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी कोणी, इतक्या कमी पगारावर मनुष्य बस चालवायला का येतो आणि लवकरच का सोडून जातो, असे विचारले नाही. सतत नवे चालक असणे हा त्या व्यवस्थेचा नियम आहे, आणि नवखेपणाचा धोका वाटसरूच्या अंगावर पडतो.

यावर प्रतिपक्षाचे एक उत्तर असते, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते म्हणतात, शिकवण्यावर आम्ही पैसे घालायचे आणि शिकलेला माणूस शेजारचा मालक दोन हजार जास्त देऊन पळवणार. मग शिकवावे कोणी? गॅरी बेकरने १९६४ साली हाच मुद्दा पद्धतशीर मांडला. जे कौशल्य सर्वत्र उपयोगी पडते त्याचा खर्च मालक उचलणार नाही, तो कामगारालाच सोसावा लागेल, असा त्याचा निष्कर्ष. बेकर बाजाराचा भक्त. तो तिथेच थांबला. पण त्याच्या युक्तिवादातून उलटाच बोध निघतो. जे एकेका मालकाला परवडत नाही आणि एकेका कामगाराला झेपत नाही, ते सर्व मालकांकडून सक्तीची वर्गणी घेऊन सामुदायिक रीतीनेच करावे लागेल. फ्रान्सने १९७१च्या कायद्याने हेच केले. वेतनखर्चाचा ठरावीक हिस्सा, आरंभी ०.८ टक्के, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मालकाने कामगारांच्या चालू शिक्षणावर खर्च करायचा. सिंगापूर, ज्याला समाजवादी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, त्यानेही १९७९ पासून कौशल्याचा अधिभार लावला.

आणि आपल्याला फ्रान्सपर्यंत जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. चक्रीय अर्थव्यवस्थेचे तत्त्व कामगाराला न्यायाने लावायचे तर ते कसे, याचे उत्तर या कायद्यात आहे, आणि ज्यांनी तो घडवला त्यांनी असा शब्द ऐकलाही नसेल. हमाल आज या गोदामात, उद्या त्या बाजारात. त्याला एक मालक नाही आणि असू शकत नाही. मग कायद्याने काय केले? मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि तिच्यावर अधिभार मंडळात भरायचा, आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधपाणी हे सारे मंडळाने बघायचे. कामगार मालक बदलत राहिला तरी त्याची सेवा तुटत नाही. माणूस फिरतो, हक्क त्याच्याबरोबर फिरतात. १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या पुढे निघाल्या हे खरे, आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण टोळ्यांचे निमित्त करून कायद्याचीच नखे काढण्याचे जे प्रयत्न होतात ते टोळ्यांना घाबरून होत नाहीत.

या कायद्यात एकच उणीव राहिली. मंडळाने कामगाराचे म्हातारपण पाहिले, त्याचे शिक्षण पाहिले नाही. ती उणीव भरून काढणे हे आजचे काम आहे. कंत्राटी चालक, मुदतबंद कामगार, घरोघर माल पोचवणारी अंधेरी-बोरिवलीची पोरे, या सगळ्यांसाठी माथाडीच्या नमुन्याची त्रिपक्षीय मंडळे का नसावीत? नोंद मंडळाकडे राहील, प्रशिक्षणाचा अधिभार प्रत्येक काम देणाऱ्याकडून वसूल होईल, आणि शिकण्याच्या महिन्यांत मंडळ निर्वाहवेतन देईल. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या नियमांत आपण, २०११ पासून, उत्पादकाची जबाबदारी वस्तू विकल्यावर संपत नाही असे मानतो; जुना दूरचित्रवाणी संच कुठे जातो हे कारखानदाराला विचारतो. वीस वर्षे राबवून घेतलेला माणूस कुठे जातो हे विचारायला कोणता नियम आडवा येतो? औद्योगिक जमिनीचा वापर बदलून कोट्यवधींचा लाभ पदरात पाडणाऱ्याकडून त्या लाभाचा वाटा याच निधीत का घेऊ नये?

कामगार संघटनांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. त्याच्या उद्दिष्टांत पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियोजन ठळक होते. प्रत्यक्षात पैशाचा मोठा वाटा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्ची पडला आणि २००० साली निधी गुंडाळला गेला. बहुतेक संघटनांनी धनादेशाची रक्कम वाढविण्यावर शक्ती वेचली. प्रशिक्षणाचे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. याला सन्माननीय अपवाद कुर्ल्याचा. कमानी ट्यूब्ज हा कारखाना मालकांच्या भांडणांत १९८५ साली बंद पडला. तिथल्या संघटनेने पुंजी वाटून घेऊन घरी जाण्याऐवजी कारखानाच सहकारी तत्त्वावर चालवायला मागितला. १९८८ साली त्या योजनेला औद्योगिक पुनर्रचना मंडळाची मान्यता मिळाली, १९८९ साली उत्पादन सुरू झाले. जुनीच यंत्रे, जुनेच हात, आणि नळ्या पुन्हा निघू लागल्या. तो प्रयोग नव्वदच्या दशकात डबघाईला आला, त्यात खेळत्या भांडवलाची चणचण हे एक मोठे कारण होते. नळी ओढण्याचे कसब कामगारांत कमी होते म्हणून तो बुडाला असे त्याच्या विरोधकांनीही कधी म्हटले नाही.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी ‘पुनर्कौशल्य’ हा शब्द ऐकला की पाठ फिरवू नये. तो पकडून ठेवावा आणि त्याची पुरी किंमत मागावी. निधी सेवेच्या वर्षांवर मोजला जावा, कारखाना बंद झाला तरी आणि मुदत संपली तरी तो लागू व्हावा, प्रत्येक वेतनकरारात प्रशिक्षणाचे कलम असावे, आणि बेस्टच्या प्रत्येक निविदेत चालकाच्या प्रशिक्षणाचे किमान दिवस व त्या दिवसांचे वेतन किलोमीटरच्या दराबाहेर काढून स्वतंत्र लिहावे. यातील पहिल्या मागण्यांसाठी दिल्ली आणि मंत्रालय यांच्याशी लढावे लागेल. त्याला वेळ लागेल. शेवटची मात्र इथल्या इथे सुरू करता येते. घाटकोपर, मुलुंड, मागाठाणे, दिंडोशी या आगारांच्या परिसरातील शाखांनी माहितीच्या अधिकाराखाली बेस्टकडे अर्ज करावेत. वेट लीजच्या करारात प्रशिक्षणाची अट काय आहे, गेल्या दोन वर्षांत किती कंत्राटी चालक आले आणि किती गेले, आणि रस्त्यावर गाडी हाती देण्यापूर्वी त्यांतील प्रत्येकाला किती दिवस शिकवले, हे तीन प्रश्न त्यात असावेत. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेली उत्तरे या साप्ताहिकाकडे पाठवावीत.